रिती गाडी

पंचायतीनं भंगारात काढलेल्या संगणकातून
एक काळी लांब खाच मी गरम हवेनं सोडवून घेतली.
खाचेला बासष्ट पिना, आमच्या कॅसेटीला साठ.
कडेच्या दोन ब्लेडनं कापल्या.
बाकी मग एक निळा बोर्ड, चाळीसेक तारा
आणि कायतान रेडिओवाल्याची जुनी डाग द्यायची कांडी.
देताना म्हणाला, धूर नाकात घेऊ नको,
आणि हात थरथरला तर आधी चहा पिऊन ये.

कॅसेट पिवळी. वर छापलेलं:
नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ.
चित्रात एक बंदूकवाला, त्याच्यामागे डायनासोर.
दोघंही आत कधी भेटले नाहीत.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाबांनी ती घेतली
तेव्हा खाण चालू होती, बोनस वेळेवर होता,
आणि डिचोलीत दोरीवर घातलेला पांढरा शर्ट
संध्याकाळपर्यंत विटकरी होत असे.

ती धूळ आतही निघाली.
स्क्रू काढला तर सोनेरी दातांच्या फटीत
तांबडी, पिठासारखी,
आणि तिच्यावर आमच्या फुंकरांचा गंज.
खेळ अडला की मी आणि विशांत
आळीपाळीनं फुंकायचो, जणू चुलीत.
खोडरबर झिजवला. स्पिरिट संपलेलं,
तर काकीनं हुराकाची बाटली पुढे केली.
दात होते तसेच राहिले,
खोलीला मात्र मे महिन्याचा वास.

वाचायचं म्हणजे पत्ता लावायचा
आणि त्या दारात काय ठेवलंय ते उचलायचं.
पहाटे भोंपू वाजवत पोदेर फिरतो ना, तसंच,
फक्त हा उलटा पोदेर:
पाव देत नाही, घरोघरचे गोळा करत जातो.
पहिल्या रात्री सगळं जोडीजोडीनं आलं,
शेजारच्या दोन घरांत नेमका एकच पाव.
दोन वाजता सापडलं.
पत्त्याची सगळ्यांत खालची तार
डागाला नुसती टेकून उभी होती,
कामावर आल्याचं दाखवणाऱ्या माणसासारखी.

दुसऱ्या रात्री नीट उतरलं.
यादी म्हणजे साधा तक्ता,
एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला कुठं उडी मारायची ते.
नऊ हजार नावं, आणि उड्या
फिरून फिरून त्याच सात दारांत.
रणगाडे तिसऱ्या टप्प्यापासून: नवा खेळ.
रणगाडे, पण दोन जीव जास्त: आणखी नवा खेळ.

बाबा काट्यावर कारकून होते.
भरलेला ट्रक, रिता ट्रक, वजाबाकी, सही.
त्या कॅसेटीतले खेळही त्यांनी
काट्याच्या एका कोऱ्या वहीत उतरवायला घेतले होते,
"गाडी नंबर"च्या रकान्यात खेळाचं नाव.
दोनशे चौदावर थांबले.
मला वाटायचं, कंटाळले.

आज वही काढली. शेवटच्या पानावर
"माल" या रकान्यात पेन्सिलीनं, बारीक:
हीच गाडी परत.

खाली तारीख नाही.
खाण त्यानंतर किती वर्षं चालली,
आणि तेच दोन शब्द त्यांनी
आणखी कुठल्या वहीत लिहिले की गिळले,
विचारायला जीभ उचलली नाही.

लॅपटॉप घेऊन व्हरांड्यात गेले.
बाबा आरामखुर्चीत, पाय कठड्यावर.
सांगितलं, सगळं उतरलं.
किती भरलं?
दोनशे छप्पन्न किलोबाइट.
किलो म्हटल्यावर चष्मा लावला,
पडद्याजवळ आले, आकड्यांवर बोट फिरवत.
शेवटी शेवटी नुसतं एफएफ, एफएफ, एफएफ,
ओळीच्या ओळी.
हे काय?
रिकामी जागा, बाबा. काही नसलं की ते हेच भरतात.

मग माझ्याकडे बघून, अगदी काट्यावरच्या आवाजात:
आणि रिती गाडी वजा केलीस गो?

नव्हती केली.
आत जाऊन पुन्हा मोजायला बसले.